अंतराळाच्या मालिका बघून कोणी शास्त्रज्ञ झालं आहे का?

पाचोऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "मुलगा नववीत आहे. रात्री जेवण झालं की मोबाईलवर अंतराळयानांच्या मालिका लावून बसतो. मोठा होऊन इस्रोत जाणार म्हणतो. त्याचे काका म्हणतात, ही सगळी वेळ घालवायची थेरं. असल्या मालिका बघून खरंच कोणी शास्त्रज्ञ झालं आहे का? बघू द्यावं की बंद करावं?"

ताई, झालं आहे. नावानिशी सांगता येतील अशी माणसं आहेत, पुढे सांगतोच. पण काकांचंही सगळंच चूक नाही. अमुक मालिकेत दाखवलं आणि त्यावरून तमुक यंत्र तयार झालं, अशा ज्या गोष्टी फिरतात त्यातल्या बऱ्याच तपासल्यावर टिकत नाहीत. मालिका बघून माणसं कामाला लागली, हे मात्र पक्कं. त्यातही मला एक अट दिसते. बघून झाल्यावर पोराला पुढचा पत्ता मिळावा लागतो: विचारायचं कोणाला, अर्ज कुठे करायचा, हाताने काय करून बघायचं. तो मिळाला नाही तर दहावी-बारावीच्या धबडग्यात सगळं आपोआप उतरतं.

मी उपग्रहांना जागेवर हलवणाऱ्या लहान इंजिनांच्या, म्हणजे थ्रस्टरच्या, चाचण्यांमध्ये नोकरी काढली. मूळचा चोपडा तालुक्यातला, आता जळगावात असतो आणि बोलावलं की शाळांमध्ये जातो. मी स्वतः मालिका बघून या कामात आलो नाही. गावात टीव्ही आला तोवर माझं शिक्षण उरकलं होतं. माझ्यानंतर नोकरीला लागलेली पोरं मात्र जेवणाच्या सुट्टीत कोणत्या यानाचा कप्तान भारी यावर भांडायची.

आधी कचरा बाजूला काढू. सगळ्यात जास्त ऐकू येते ती मोबाईलची गोष्ट. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यातला कप्तान झाकणाचं यंत्र उघडून बोलतो आणि म्हणे त्यावरून मोबाईल निघाला. हातात धरायचा पहिला मोबाईल १९७३ साली मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी लावून दाखवला. त्यांनीच पुढे सांगितलं की डोक्यात होता तो जुन्या चित्रकथेतल्या डिक ट्रेसी या गुप्तहेराचा मनगटी रेडिओ. त्याच मालिकेत माणूस यानात विरघळतो आणि ग्रहावर उभा राहतो. त्यामागे विज्ञान शोधत बसू नका. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांना परवडत नव्हतं, म्हणून काढलेली ती पळवाट होती.

आता खरं उदाहरण, आणि ते माझ्या कामातलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मार्क रेमन नावाचे नासाचे अभियंते आहेत. आयन इंजिन हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकला तो १९६८ सालच्या 'स्टार ट्रेक'च्या एका भागात, असं त्यांनी सांगितलं आहे. तेव्हा ते शाळकरी पोर होते, तुमच्या मुलापेक्षाही लहान. तीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९८ रोजी, 'डीप स्पेस १' हे यान उडालं. दूरच्या प्रवासाला मुख्य इंजिन म्हणून आयन इंजिन वापरणारं ते पहिलं यान, आणि त्या मोहिमेची सूत्रं रेमन यांच्याकडे आली. म्हणजे मालिकेने आयन इंजिन दिलं का? नाही. नासाने 'सर्ट-१' या चाचणीत १९६४ सालीच आयन इंजिन अंतराळात चालवून बघितलं होतं. मालिकेच्या लेखकांनी ती कल्पना प्रयोगशाळेतून उचलली, आणि त्यांच्याकडून ती एका पोराने उचलली. हा उलटा प्रवाह लोक विसरतात.

या इंजिनात जळत काहीच नाही. झेनॉन हा वायू घ्यायचा, विजेने त्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढून टाकायचे आणि उरलेले आयन दोन बारीक जाळ्यांमधून जबरदस्त वेगाने मागे फेकायचे. जोर किती? डीप स्पेसच्या इंजिनाचा सगळ्यात जास्त रेटा ९२ मिलिन्यूटन होता. वहीतले दोन मोठे कागद तळहातावर ठेवा, जेवढा भार लागेल तेवढा. पण हा रेटा थांबत नाही. ते इंजिन सगळं मिळून १६ हजार तासांहून जास्त चाललं. त्यानंतर २००७ साली गेलेलं 'डॉन' हे यान याच जातीच्या इंजिनांवर लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या आधी व्हेस्टाभोवती आणि मग सेरेसभोवती फिरलं. त्याला ताशी शंभरेक किलोमीटरचा वेग वाढवायला चार दिवस लागायचे.

मालिकेत कप्तान बोट पुढे करतो आणि यान सुटतं. डीप स्पेसचं इंजिन १० नोव्हेंबर १९९८ रोजी पहिल्यांदा चालू केलं आणि साडेचार मिनिटांत बंद पडलं. जाळ्यांच्या फटीत सूक्ष्म कचरा अडकून शॉर्ट होत असावं, असा अंदाज होता. पुसायला तर कोणी जाऊ शकत नाही. दोन आठवडे डोकेफोड करून २४ तारखेला ते पुन्हा सुरू केलं, तेव्हा ते चालू राहिलं. पुढच्या वर्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखणारं उपकरणच गेलं. मग पृथ्वीवरून नवीन सॉफ्टवेअर पाठवून फोटो काढायच्या कॅमेऱ्याला ते काम शिकवलं, आणि ते लंगडं यान सप्टेंबर २००१ मध्ये बोरेली धूमकेतूजवळून फोटो घेऊन गेलं. माझ्या मते हे कुठल्याही मालिकेपेक्षा सरस आहे, पण ते बघायला कोणी पॉपकॉर्न घेऊन बसत नाही, कारण बहुतेक वेळ पडद्यावर आकडेच असतात.

चाचणीच्या खोलीतही तसंच. थ्रस्टर एका मोठ्या निर्वात टाकीत बसवतात. आतली हवा काढायला पंप रात्रभर चालू. रेटा मोजायचा तराजू इतका नाजूक की बाहेर रस्त्याने ट्रक गेला तरी आकडा हलतो, मग तो गेला की पुन्हा थांबायचं. कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, तापायला काही मिनिटं जातात. त्यानंतर टाकीच्या जाड काचेतून निळसर झोत दिसतो. पहिल्यांदा बघणारा पोरगा दोन मिनिटं तोंड उघडं टाकून बघतो, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याला वही देऊन दर पाच मिनिटांचे आकडे लिहायला बसवतात. मालिकेच्या जोरावर आलेला माणूस आणि टिकणारा माणूस यातला फरक त्या वहीवर कळतो. आपल्याकडे विजेवर चालणारं असं प्रणोदन पहिल्यांदा वापरलं ते ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ उपग्रहावर.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या सगळ्यात आवडीची, कारण ती फिरून खान्देशात येते.

'स्टार ट्रेक'मध्ये संदेशवहन सांभाळणारी उहुरा ही अधिकारी होती. ते काम निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केलं. १९६६ च्या अमेरिकेत टीव्हीवर कृष्णवर्णीय बाई दिसायची ती बहुधा मोलकरीण म्हणून. यानाच्या मुख्य दालनात बसलेली अधिकारी ही नवलाईच होती. निकोल्स स्वतः सांगत, की पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडून निघाल्या होत्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं. पण पुढचं जास्त महत्त्वाचं. १९७७ साली नासाला स्पेस शटलसाठी अंतराळवीर हवे होते, आणि अर्ज करणारे बहुतेक गोरे पुरुष. नासाने निकोल्सनाच प्रचाराला घेतलं. त्या कॉलेजांमधून फिरल्या, टीव्हीवर आल्या, अर्ज करा म्हणून सांगत राहिल्या. आठ हजारांहून जास्त अर्ज आले. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांत ६ स्त्रिया आणि ३ कृष्णवर्णीय होते. मी पत्ता म्हणतो तो हा. पडद्यावर दिसलेल्या बाईनेच येऊन सांगितलं की अर्ज इथे द्यायचा.

त्या तुकडीत गायन ब्लूफोर्ड होते. निकोल्सचं ऐकूनच त्यांनी अर्ज केला, असं मी म्हणणार नाही. ते हवाई दलाचे वैमानिक आणि वैमानिकी अभियांत्रिकीतले डॉक्टरेट, स्वतःच्या पायावर आलेले. ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस ते चॅलेंजर शटलमधून गेले आणि अंतराळात जाणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. त्या फेरीत शटलच्या पोटात एक उपग्रह होता आणि तो बाहेर सोडण्याचं काम ब्लूफोर्ड आणि त्यांच्या सोबत्याकडे होतं. उपग्रहाचं नाव इन्सॅट-१बी.

आपला इन्सॅट! त्याच्या भरवशावर १९८४ साली दूरदर्शनने देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लावला आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या गावांना दिल्लीचा कार्यक्रम दिसू लागला. त्या काळची आपल्याकडची घरं आठवा. गल्लीत एक टीव्ही, गच्चीवर बांबूला अँटेना, वर चढलेला पोऱ्या ओरडतोय "आलं का?" आणि खालून अहिराणीत उत्तर, "नाही रे, मुंग्याच शेत!", म्हणजे मुंग्याच आहेत. आजी पहिल्यांदा ते खोकं बघून म्हणाली होती, "हाई काय शे?" तिला सांगता आलं असतं, की आजी, मालिकेतल्या एका बाईने ज्या तुकडीसाठी दारोदार फिरून माणसं बोलावली, त्या तुकडीतल्या माणसाने हे वर नेऊन सोडलं आहे.

त्याच तुकडीनंतर काही वर्षांनी मे जेमिसन या डॉक्टर नासात आल्या. लहानपणी उहुराला बघितलं होतं, हे त्यांनी उघड सांगितलं. १९९२ साली त्या अंतराळात गेल्या आणि कामाची पाळी सुरू करताना उहुराचंच वाक्य म्हणायच्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'स्टार ट्रेक'च्याच नव्या मालिकेत छोटं काम केलं. याउलट, १९७६ साली चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून पहिल्या शटलला मालिकेतल्या यानाचं 'एंटरप्राइझ' हे नाव द्यायला लावलं, आणि ते शटल हवेतल्या चाचण्यांपुरतंच राहिलं, अंतराळात कधी गेलंच नाही. पत्रं लिहिणं सोपं असतं.

आपल्या दूरदर्शनवरही ऐंशीच्या दशकात 'स्पेस सिटी सिग्मा' होती, मग 'इंद्रधनुष', नंतर १९९८ साली 'कॅप्टन व्योम'. सेट पुठ्ठ्याचे वाटायचे, विज्ञान बेताचं होतं, आणि तरी 'सिग्मा'तल्या झखाकू या खलनायकाचं नाव काढलं की चाळिशीतला माणूस हसतो. पण या मालिकांनी पत्ता काही दिला नाही. तो दिला दुसऱ्यांनी. शास्त्रज्ञ यश पाल दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' या कार्यक्रमात पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. जयंत नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहायचे, आणि सही मागायला आलेल्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही मिळेल. उत्तरं येतही. कथा लिहिणारा आणि उत्तर देणारा माणूस एकच, असा योग मी दुसरीकडे पाहिला नाही.

वॉर्प, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधलं यान प्रकाशापेक्षा वेगाने नेणारं तंत्र, त्याबद्दल तुमचा मुलगा विचारेलच, म्हणून सांगून ठेवतो. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने कार्डिफला शिकत असताना, १९९४ साली, एक शोधनिबंध लिहिला: यानापुढचं अवकाश आकसवलं आणि मागचं फुगवलं तर आइन्स्टाईनचे नियम न मोडता प्रकाशापेक्षा लवकर पोचता येईल का? 'स्टार ट्रेक'मधला वॉर्प हा शब्द त्याने थेट शीर्षकात घातला. गणित बरोबर आहे. अडचण अशी, की त्याला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी भरणारी ऊर्जा, लागते आणि ती तशी, तेवढी कोणाकडेच नाही. इंजिन म्हणून मी त्याला शून्य गुण देईन. पण त्या निबंधावर आजही भौतिकशास्त्रज्ञ वाद घालतात, आणि मालिकेतल्या शब्दाने तीस वर्षं लोकांना गणित करायला लावलं, हे काही थोडं नाही.

मालिकांमधल्या चुका ढीगभर असतात. निर्वातात स्फोटाचा धडाम आवाज, हवा नसताना विमानासारखं कलून वळणारं यान, कायम पेटलेली इंजिनं. खरी यानं बहुतेक वाट इंजिन बंद ठेवूनच कापतात. आयन इंजिन हा त्यातला अपवाद. लघुग्रहांच्या पट्ट्यात दगडांची गर्दी दाखवतात, प्रत्यक्षात एकापासून दुसरा लाखो किलोमीटरवर असतो. म्हणून बंद करू नका. उलट त्याला सांगा, चूक दिसली की थांबव आणि का चूक ते मला समजावून सांग. तुम्हाला कळलं नाही तरी विचारत राहा. 'द एक्सपान्स'सारख्या काही मालिका बऱ्याच प्रामाणिक आहेत. त्यात यान अर्ध्या वाटेत उलटं फिरून तेच इंजिन वेग मारायला वापरतं, आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात तो हिशोब बसतो. मारामारी आणि शिव्या मात्र त्यात आहेत, त्या तुम्ही बघून ठरवा.

पत्त्याविषयी आणखी एक, थोडं आडवळणाने. चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवीला तुम्ही गेला असाल. तिथला एक शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि तिथल्या निकुंभ या सत्ताधारी घराण्याने त्याला उत्पन्न लावून दिलं, असं त्यावर आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या कुशीत कोणाला तरी कळलं होतं की नुसता थोर ग्रंथ असून भागत नाही, पोरांनी येऊन बसायला जागा लागते. चाळीसगावच्या पोरांना हे माहीत नसतं, त्यांना वॉर्प माहीत असतो. मला त्याचं वाईट वाटतं, असो.

आता तुमच्या मुलाचं. नववी ही अगदी योग्य इयत्ता आहे. इस्रोचा 'युविका' नावाचा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, तो नववीच्याच मुलांसाठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना इस्रोच्या केंद्रात नेऊन राहणं-खाणं देऊन शिकवतात. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शनातला भाग असं धरतात, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेला वेगळे गुण असतात. म्हणजे पाचोऱ्यापेक्षा एखाद्या खेड्यातल्या शाळेचं पोर इथे पुढे असू शकतं. नोंदणी बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास इस्रोच्या संकेतस्थळावर निघते. शाळेवर विसंबू नका, स्वतः बघत राहा. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही सहावी आणि नववीलाच असते. बारावीनंतर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विभागाची स्वतःची संस्था आहे, तिथे जेईई ॲडव्हान्स्डमधून जातात.

आणि काकांना सांगा, इस्रो म्हणजे फक्त शास्त्रज्ञ नव्हेत. आयटीआय केलेले फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन तिथे तंत्रज्ञ म्हणून लागतात. माझ्या टाकीतला थ्रस्टर ज्याच्या हातून जागेवर बसायचा तो आयटीआय झालेला होता, आणि त्याने हात लावल्याशिवाय आम्ही पंप चालू करत नसू. मालिकेत हा माणूस कधीच दिसत नाही.

तुमच्या घरात मुलगी असेल तर तिलाही सोबत बसवा. मी शाळांमध्ये विचारतो, अंतराळ म्हटलं की काय आठवतं? पोरं यानांची नावं घेतात. पोरी बऱ्याचदा २४ सप्टेंबर २०१४ चा तो फोटो सांगतात, मंगळयान कक्षेत गेल्यावर गजरे-साड्या घातलेल्या इस्रोच्या बायका हसत उभ्या आहेत तो. निकोल्सने जे काम पडद्यावर केलं तेच या फोटोने आपल्याकडे केलं, आणि तो खरा होता.

या रविवारी त्याला एक काम द्या. घरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री असेल तर ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे बघते. विषुववृत्तावर त्या उंचीला ठेवलेला उपग्रह पृथ्वीसोबतच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी दिसतो आणि त्याच्यावरून सगळीकडे संदेश पाठवता येतात, हे आर्थर क्लार्क या विज्ञानकथाकाराने १९४५ सालीच एका लेखात मांडलं होतं. पाचोऱ्याचा अक्षांश-रेखांश मोबाईलवर मिळेल. त्यावरून उपग्रह कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंश वर असेल ते त्याने काढायचं. दहावीच्या त्रिकोणमितीत थोडी भर घातली की जमतं, नाही जमलं तर गणिताच्या सरांना धरायचं. मग कंपास, कोनमापक आणि ओळंबा घेऊन गच्चीवर जाऊन छत्रीशी ताडून बघायचं, तिला धक्का न लावता, नाहीतर संध्याकाळी घरात तुमच्या मालिकेवरून भांडण. दिशा आग्नेयेची निघायला हवी आणि उंचीचा कोन ५८ अंशांच्या आसपास. छत्रीचा कोन मात्र त्याहून वीस-पंचवीस अंशांनी कमी भरेल आणि तो म्हणेल की माझं गणित चुकलं. चुकलेलं नसेल. या छत्र्या ऑफसेट बनावटीच्या असतात, सरळ समोर बघत नाहीत, त्यांची नजर तोंडापेक्षा वर असते. हे त्याला आधी सांगू नका. दोन दिवस डोकं खाजवू द्या, आणि तरीही सुटलं नाही तर त्याच्याच अक्षरात सगळे आकडे लिहून मला पाठवायला सांगा.